वरचा एक रुपया

स्वल्पविराम चुकला की अप्पा मारायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. अहमदपूरच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. त्यांच्याकडे सागाची जाड पट्टी होती, एका कडेला पितळेची चीप बसवलेली. शाळेत ती पट्टी पोरांसाठी होती, घरी आम्हा दोघी बहिणींसाठी. आईसाठी पट्टी लागायची नाही, नुसता हात पुरायचा.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. समोरच्या कापड दुकानात नवं कॅल्क्युलेटर आलं होतं, मोठ्या आकड्यांचं. त्यावर बारा लाख पन्नास हजार दाबलं की तीन-तीन आकड्यांचे गट पडून दिसायचे, 1,250,000 असे. मला ते भारी देखणं वाटलं. वहीत मी तसंच लिहिलं. अप्पांनी वही बघून विचारलं, "हे काय?" मी म्हणाले, "यंत्रावर असंच येतं." उलट उत्तराला आमच्या घरी दुप्पट दर होता. त्यांनी माझा हात पाटावर ठेवायला लावला आणि पट्टीची पितळी कड बोटांच्या पेरांवर आणली. "उजवीकडून आधी तीन. मग दोन. मग दोन." प्रत्येक आकड्याला एक. करंगळीशेजारच्या बोटाचं नख काळं पडलं आणि महिन्याभरात गळून गेलं. आई हळद घेऊन आली तर तिलाही एक बसली, मध्ये आली म्हणून.

पुढे नशिबाने थट्टा अशी केली की मला नोकरीच त्या कामाची लागली. नांदेडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. देशोदेशी माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी आम्ही प्रोग्राम लिहितो, आणि त्यात पैशाची रक्कम कुठल्या देशात कशी दिसावी एवढंच माझं काम. जर्मन माणूस हजाराला टिंब देतो आणि पैशांच्या आधी स्वल्पविराम. फ्रेंच माणूस मध्ये नुसती जागा सोडतो. कुणी चलनाचं चिन्ह आधी लावतं, कुणी शेवटी. जपानच्या रकमेला पैसेच नसतात, कुवेतच्या दिनाराला टिंबानंतर तीन आकडे लागतात. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की तीन-तीनचे गट निम्म्याहून अधिक जग पाडतं. ज्यासाठी माझं नख गेलं ते अमेरिकेत बरोबर होतं. मी ऑफिसात मोठ्याने हसले, मग बाथरूममध्ये जाऊन ते बोट बघत उभी राहिले. नवं नख आलं होतं, पण जरा वाकडं.

त्या संध्याकाळी मी अप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "जगाचं जग बघेल. तू कुणाच्या घरची?"

ऑफिसात म्हणतात, हिच्या हातून स्वल्पविराम सुटत नाही. खरं आहे ते. पण त्याचे आभार मी अप्पांचे मानत नाही, आणि कुणी मानायला सांगितलं तर माझं डोकं फिरतं.

आईचं माहेर नायगावचं. तिला एकच भाऊ, आमचा मामा. जमीनजुमला राखून असलेला, आवाजाने मोठा आणि मनाने लोण्याचा माणूस. एका भाऊबीजेला तो आमच्याकडे जेवायला बसला होता. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. अप्पांनी पहिला घास घेतला, उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि आईच्या थोबाडीत दिली. मग परत येऊन पाटावर बसले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

मामा उष्ट्या हाताने उठला. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि अप्पांच्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात तुटले, एक वरणाच्या वाटीत पडला. अप्पा रक्त ओकत आत गेले आणि पट्टी घेऊन आले. पितळी कड मामाच्या कानावर बसली, पाळी वरपासून फाटली. मी नि धाकटी कोनाड्याखाली एकमेकींना धरून बसलो होतो. काका आणि शेजारचे लोक धावत आले म्हणून दोघांपैकी कुणी मेलं नाही. मामाला बाहेर काढल्यावर अप्पा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आजपासून हिचं माहेर संपलं."

आणि संपलंच. आई पुन्हा नायगावला गेली नाही. आजी वारली तेव्हाही अप्पांनी तिला जाऊ दिलं नाही. ती अंगणात नायगावच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि रडली. अप्पा आत पेपर तपासत होते.

अशी वर्षं गेली. अप्पा रिटायर झाले, तोंडात खोटे दात आले, पट्टी कपाटावर गेली. हात मात्र खाली आला नाही. मग धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा जळकोटचा, माणसं सरळ. पत्रिकेचा मजकूर लिहायला अप्पा बसले आणि आईने दारातून सांगितलं, "माझ्या भावाचं नाव घाला. मामा आल्याबिगर पोरगी बोहल्यावर चढणार न्हाई."

अप्पांनी हात उचलला. आईने तोंड वळवलं नाही, डोळेही मिटले नाहीत. मी पहिल्यांदा तो हात मारल्याशिवाय खाली येताना पाहिला. आमच्याकडे अंतरपाटाजवळ नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो का नाही, हे जळकोटच्या लोकांनी विचारलं असतं, आणि अप्पांना लोकांपुढे उत्तर द्यायची सवय नव्हती. "येऊ दे," ते म्हणाले. "माझ्याशी बोलायचं नाही."

त्या दिवसापासून आईच्या चालीत फरक पडला. तिने ट्रंकेतून अंजिरी रंगाचं लुगडं काढलं, उन्हाला दाखवलं आणि पुन्हा घडी घालून ठेवलं. मला म्हणाली, "लगीन सुखानं पार पडलं की पंचमीला मी नायगावला जाईन. हेच नेसून." धाकटीचं काय व्हायचं ते ठरलेलं होतं. त्या लग्नात टांगणीला लागलं होतं ते आईचं माहेर.

लग्न अहमदपूरलाच, बसस्टँडच्या मागच्या कार्यालयात, भरदुपारचा मुहूर्त. मामा जीपने आला, दोन्ही पोरं नि भावकी घेऊन. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला फेटा, आणि फेट्याखालून दिसणारा तो चिरलेला कान. आईने त्याच्या पायावर पाणी घातलं. तिने ओल्या हाताने त्याचा कान चाचपला, एवढंच.

आमच्याकडे आहेर माईकवरून पुकारतात. कुणी किती दिले ते भर मांडवात सगळ्यांना ऐकू जातं. अलीकडे त्याच्या जोडीला पडदाही आला आहे. टेबलावर माणूस लॅपटॉप घेऊन बसतो, नाव नि रक्कम घालतो आणि ती स्टेजशेजारच्या मोठ्या काचेच्या पडद्यावर उजळते. माईकवाला तिथलं वाचून पुकारतो. आणि एक रीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. शुभाला वर एक. एकशे एक, पाचशे एक, हजार एक. दहाव्या-तेराव्याला मात्र रक्कम सपाट द्यायची, कारण तिथून पुढे काही वाढायचं नसतं. आमच्याकडे रांगत्या पोरालाही हे कळतं.

अप्पा सकाळपासून त्या टेबलाला चिकटून बसले होते. चष्मा नाकावर, नजर लॅपटॉपवर. प्रत्येक रक्कम घालताना त्या माणसाला सांगत होते, "आधी तीन, मग दोन." पडदा त्यांच्या डोक्यावर होता, तो त्यांना दिसत नव्हता. पडद्यावर काकाचे ५०१ आले, मुख्याध्यापकांचे १५१ आले, शेजाऱ्यांचे २०१ आले. सगळं नीट चाललं होतं.

मग मामा टेबलाशी गेला. इतक्या भाऊबिजांचं एकदम द्यायचं म्हणून त्याने एकावन्न हजार आणले होते. वरचा एक रुपया त्याने वेगळ्या रुमालातून काढला. नाण्याला हळदकुंकू लावलेलं होतं. अप्पांनी ते नाणं पाहिलं. लॅपटॉपवर 51,001 घातलं गेलं तेही पाहिलं आणि मान हलवली. मामा येऊन पहिल्या रांगेत बसला आणि पडद्यावर उजळलं, ₹५१ह.

माईकवाला क्षणभर अडखळला. मग त्याने पुकारलं, "नायगावच्या मामांकडून एकावन्न हजार."

मला एका नजरेत कळलं. माझं रोजचंच काम ते. जागा कमी असली की मोठी रक्कम आखडून दाखवायची सोय प्रोग्राममध्ये असते. अमेरिकेत हजाराच्या जागी एक अक्षर येतं, मराठीत नुसता 'ह'. हजाराच्या आतली रक्कम पूर्ण दिसते, वरची दिसताना शेपूट छाटलं जातं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या लेखी एकावन्न हजारांपुढे एक रुपया म्हणजे धूळ. सकाळपासून हजारावर कुणी दिलंच नव्हतं, म्हणून सगळ्यांचा वरचा एक पडद्यावर राहिला आणि नेमका मामाचाच गेला. आणि त्या टेबलाशी पहारा कुणाचा होता, तर अप्पांचा.

मामा उठला आणि टेबलापुढे जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "दाजी, वरचा रुपया कुठं हाय?"

अप्पांनी वर वळून पडदा पाहिला. त्यांनी नाणं पाहिलं होतं, आकडा पाहिला होता. मशीनची चूक आहे, एवढं ते म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. तीन शब्द. पण अप्पांनी जन्मात कधी खुलासा दिला नव्हता. चष्मा काढून खिशात ठेवत ते म्हणाले, "माझ्याशी बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"जित्या बहिणीचा दहावा घालून राहिलात का माझ्या हातानं?"

"तुझ्या रुपयावाचून इथं काही अडलेलं नाही."

मामाने त्यांची गचांडी धरली. अप्पांनी त्याच्या कानशिलात दिली, त्याच चिरलेल्या कानावर. मामाच्या थोरल्या पोराने टेबल उलथलं. पाकिटं, पेन, सुपारी, नाणी सगळं जमिनीवर. काकाने लोखंडी खुर्ची उचलून त्या पोराच्या पाठीत घातली, ती मिटली आणि त्यात काकाचंच बोट चेमटलं. मग नायगाव आणि अहमदपूर एकमेकांवर तुटून पडले. कुणीतरी नारळ भिरकावला, तो पडद्याच्या कोपऱ्यात बसला आणि तिथली काच खळकन खाली आली. मामाची भुवई फुटली. अप्पांचे खोटे दात उडून अक्षतांच्या परातीत पडले. पिवळे तांदूळ लाल झाले. माईकवाल्याला कुणीतरी ढकललं, माईक जमिनीवर पडला आणि चालूच राहिला. प्रत्येक दणका भोंग्यातून बाहेर बसस्टँडपर्यंत जाऊ लागला. जळकोटचे लोक नवरदेवाला घेऊन भिंतीला लागले. धाकटीला आतल्या खोलीत कोंडून कुणीतरी कडी घातली होती. ती आतून दार बडवत होती.

आई धावत आली आणि तिने अप्पांचा उचललेला हात दोन्ही हातांनी धरला. अप्पा वळले आणि त्यांनी तो हात सोडवून तिच्या तोंडावर मारला. माईक त्यांच्या पायाशीच होता. घरात चार भिंतींत वाजायचा तो आवाज त्या दिवशी अर्ध्या गावाने ऐकला. आईचा ओठ फुटला. ती पडली नाही.

माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉपकडे धावले. जाताना पायाखाली मामाचं ते हळदकुंकवाचं नाणं आलं, ते उचलून मुठीत धरलं. लॅपटॉप त्या माणसाने छातीशी कवटाळला होता, मोडेल म्हणून. चांगला चाळिशीचा बाप्या, घाबरलेला. "द्या इकडं," मी म्हणाले. त्याने दिला नाही. मी त्याच्या थोबाडीत दिली. हात जसा गेला तो मला ओळखू आला. कोपरातून, सरळ, अप्पांसारखा. मला माझी शिसारी आली आणि तरी मी लॅपटॉप हिसकावून घेतला.

सेटिंगमध्ये जिथे असायला हवं तिथेच ते होतं. 'रक्कम थोडक्यात दाखवा', आणि पुढे बरोबरची खूण. ती काढून टाकली. फुटक्या पडद्यावर ₹५१,००१ उजळलं. मी माईक उचलला. श्वास लागला होता, तोही भोंग्यातून ऐकू येत होता. म्हणाले, "नायगावच्या मामांकडून एकावन्न हजार एक रुपये." कुणी थांबलं नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला.

मामाने काकाचं मानगूट सोडलं. डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीने पुसून पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ. "मशीननं खाल्ला व्हता का?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणाले. "मग त्यांनी सांगायचं न्हाई का," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. लहान पोरासारखा रडला तो.

तेवढ्यात जळकोटचा एक म्हातारा पुढे आला. "मुहूर्त टळून राहिलाय," तो म्हणाला. "लगीन लावायचं का न्हाई ते सांगा, नाहीतर आम्ही गाडीत बसतो." मामा उठला. आतल्या खोलीची कडी काढून त्याने धाकटीला हाताला धरून बाहेर आणलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपर्यंत रक्त होतं. अक्षता दुसऱ्या आणल्या. भटजींनी मंगलाष्टकं घाईघाईने म्हटली. मामा धाकटीच्या पाठीशी उभा राहिला, एका हाताने रुमाल भुवईवर दाबून. अप्पा मागे खांबाशी उभे होते, बोळक्या तोंडाने. त्यांच्या जवळ कुणी उभं नव्हतं. माझी बहीण स्वतःच्या लग्नाच्या फोटोत रडते आहे, आणि ते सासरी जायचं म्हणून नाही.

जेवणं कशीबशी उरकली. उन्हं उतरताना धाकटीची गाडी जळकोटच्या रस्त्याला लागली. आई गाडीमागे चार पावलं गेली आणि थांबली. मग कार्यालयात जाऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर ते अंजिरी लुगडं होतं. पंचमीला नेसायचं ते, लग्नाच्या सामानातून बरोबर आणलेलं. हातात पिशवी. ती सरळ मामाच्या जीपकडे निघाली.

अप्पा दारातच उभे होते. कार्यालयाचा मालक त्यांना पडद्याची भरपाई मागत होता. त्याला बाजूला सारून ते म्हणाले, "कुठं निघालीस?"

"माहेराला."

"परत कधी?"

आईचा ओठ सुजला होता, बोलताना तिला दुखत होतं. तिने कमरेची पैशांची चंची सोडून उघडली. आमच्याकडे निरोप घेताना मोठ्यांनी लहानांच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत आहे, अकरा, एकवीस, एकशे एक. बायकोने नवऱ्याच्या हातावर ठेवलेलं मी कुठे पाहिलेलं नाही. आईने शंभराची एक नोट काढली, अप्पांचा हात धरून उताणा केला, त्याच उजव्या हातावर ती नोट ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. मग जाऊन जीपमध्ये भावाशेजारी बसली. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी 'निघा' अशी मान हलवली. जीप गेली.

अप्पांनी मूठ उघडली. नोट उलटी करून पाहिली. आत काही गुंडाळलं आहे का ते पाहिलं. खाली जमिनीवरही पाहिलं, पडलं असेल म्हणून. गणिताचे मास्तर ते, हिशेब कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कुणाकडे काही मागताना ऐकलं. दात नसल्यामुळे शब्द नीट येत नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "वर ठेवायला एक रुपया आहे का गं तुझ्याकडे?"

हळदकुंकवाचं नाणं तेव्हापासून माझ्या मुठीतच होतं. घामाने हळद बोटांना लागली होती, त्या वाकड्या नखालाही.

मी मूठ उघडली नाही.